विसरणाऱ्यांची मोजदाद

मसुरे म्हणजे वाड्यांचा समूह. गड नदी कालावलच्या खाडीकडे जाते त्या टापूत या वाड्या पसरल्या आहेत. भरतगड याच गावात उभा आहे आणि भराडी देवीची आंगणेवाडी ही मसुऱ्याचीच एक वाडी. तिथल्या जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही, ती देवीच्या कौलाने ठरते. ती जाहीर झाली की मुंबईहून रेल्वेच्या जादा गाड्या सुटतात, बंद घरांची कुलपे निघतात, ओसऱ्या माणसांनी भरून जातात. जत्रा सरते, चाकरमानी परततात आणि गावात बहुतेक वयस्क माणसे उरतात.

याचे कारण शंभर-सव्वाशे वर्षे मागे जाते. कातळ आणि खाजण यांच्यामधल्या तुटपुंज्या भातशेतीवर कुटुंब पोसत नव्हते, म्हणून पुरुषांनी मुंबईची वाट धरली. गिरणगावात गावागावांच्या खोल्या झाल्या, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे दर महिन्याला गावी मनीऑर्डर पाठवू लागली. शेत, गुरे, सासूसासरे आणि मुले हे सगळे बायकांनी सांभाळले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यातून तो उद्योगच मोडला. काही कामगार गावी परतले, पण त्यांची मुले शहरातच राहिली. त्याच सुमारास, १ मे १९८१ ला, रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा जन्माला आला होता. या जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ८,६८,८२५ होती आणि २०११ साली ८,४९,६५१. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा घटत होता. दर हजार पुरुषांमागे इथे १,०३६ स्त्रिया होत्या. या आकड्यांत जन्मदर कमी असल्याची चांगली बातमी आहे, आणि तरुण निघून गेल्याचीही खूण आहे.

अशा घरात एखादी आजी चुलीवर आधण ठेवून विसरू लागते. भरदुपारी माहेरी जायला निघते, सुनेवर पैसे चोरल्याचा आळ घेते, आणि एके दिवशी मुलाला विचारते, ‘तू कोणाचा?’ शेजारीपाजारी म्हणतात, म्हातारचळ लागला. पिढ्यान्‌पिढ्या हे असेच म्हटले गेले आणि त्यात कोणाला आजार दिसला नाही. तो आजार म्हणून ओळखला जाणे, त्याची माणसे मोजली जाणे आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचा विचार होणे ही गेल्या पन्नासेक वर्षांतली घडामोड आहे. तिचे काही महत्त्वाचे टप्पे मसुऱ्याच्या दोन्ही अंगांना घडले: वर मुंबईत आणि खाली गोव्यात.

गोष्टीची सुरुवात मात्र जर्मनीत होते. ऑगस्टे नावाची एक्कावन्न वर्षांची बाई १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाली. अलोइस अल्झायमर या डॉक्टरने तिच्याशी झालेली प्रश्नोत्तरे बारकाईने टिपून ठेवली. ती १९०६ साली वारली. तिच्या मेंदूची तपासणी करून अल्झायमर यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेनच्या सभेत आपले निष्कर्ष मांडले. १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमरचे नाव दिले. पण ऑगस्टे तरुण होती, म्हणून हा पन्नाशीतला दुर्मीळ आजार समजला गेला. सत्तरीनंतरचे विसरणे म्हणजे वार्धक्यच, ही समजूत युरोपातही पुढे साठ वर्षे टिकली. आपले गावकरी याबाबतीत जगाच्या फार मागे होते असे मानण्याचे कारण नाही.

कोकणात त्या काळी मनाच्या आजारासाठी एकच मोठे ठिकाण होते, १८८६ साली सुरू झालेले रत्नागिरीचे मनोरुग्णालय. ते हिंसक किंवा बेभान झालेल्यांसाठी होते. विसरणाऱ्या म्हाताऱ्यांना तिथे नेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मुळात फार थोडी माणसे त्या वयापर्यंत जगत. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयांचे सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होते. देवी, प्लेग, पटकी, हिवताप आणि बाळंतपण यांच्या तडाख्यातून वाचून ऐंशी गाठणारा माणूस घराण्याचे भूषण असे. पुढे लसी आल्या, प्रतिजैविके आली, पाणी सुधारले. १९६१ साली देशात साठीपलीकडची माणसे सुमारे अडीच कोटी होती, २०११ साली ती दहा कोटींवर गेली. विस्मृतीचा आजार त्यांच्यासोबतच वाढला.

पश्चिमेत ही जाग आधी आली. १९६८ साली न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी दाखवून दिले की वृद्धांच्या मेंदूतही अल्झायमर यांनी पाहिलेलेच बदल असतात आणि त्या बदलांचे प्रमाण विस्मृतीच्या तीव्रतेशी जुळते. १९७६ साली रॉबर्ट कॅट्झमन यांनी अमेरिकेत एक छोटा संपादकीय लेख लिहिला. म्हातारपणचे विसरणे आणि अल्झायमर हा एकच आजार आहे आणि तो मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी आहे, असे त्यांनी त्यात ठामपणे मांडले. दुर्मीळ आजार त्या लेखाने लाखोंचा झाला. त्याच्या आदल्याच वर्षी मार्शल फोलस्टीन आणि सहकाऱ्यांनी तीस गुणांची एक चाचणी तयार केली होती: आज तारीख काय, शंभरातून सात वजा करत जा, हे वाक्य वाचा आणि त्याप्रमाणे करा, एक वाक्य लिहा, ही आकृती काढा. पाचदहा मिनिटांत होणारी ही चाचणी जगभर पसरली.

भारतात आल्यावर मात्र ती अडली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईला वाक्य लिहायला सांगून काय कळणार? ती नापास होईल, पण त्यातून तिची स्मृती गेली हे सिद्ध होत नाही. पाच गायींच्या वंशावळी आणि साऱ्या गावाच्या सोयरिकी तोंडपाठ असलेली बाई कागदावर ‘बुद्धिदोष असलेली’ ठरण्याचा हा धोका होता.

या अडचणीवर सर्वांत काटेकोर काम हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत झाले. १९९० च्या दशकात पिट्सबर्ग विद्यापीठाच्या डॉ. मेरी गांगुली आणि दिल्लीचे डॉ. विजय चंद्रा यांच्या गटाने तिथे भारत-अमेरिका तौलनिक अभ्यास चालवला. त्यांनी चाचणीचा एकेक प्रश्न उलगडून पाहिला. एखाद्या शब्दाचे स्पेलिंग उलटे सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. लिखित सूचना वाचून डोळे मिटण्याऐवजी, मी करतो तसे करा, असे म्हणून अभ्यासकाने स्वतः डोळे मिटले. पंचकोनांच्या गुंतागुंतीऐवजी चौकोनातला हिऱ्याचा आकार दाखवला. लक्षात ठेवायचे तीन शब्द होते आंबा, खुर्ची आणि नाणे. १९९५ साली ही हिंदी चाचणी प्रसिद्ध झाली. भारतातल्या विस्मृतीच्या संशोधनात नंतर जी मोठी कामे झाली, त्यांतल्या बऱ्याच कामांचा पाया या बदलांत आहे. ते कोणा यंत्रातून आले नाहीत. म्हाताऱ्या माणसासमोर बसून, त्याचे जगणे समजून घेऊन ते सुचले. मला या कामाचा फार आदर वाटतो.

त्या खेड्यांतल्या पंचावन्न वर्षांवरच्या ५,१२६ माणसांची पाहणी झाली. त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश निरक्षर होते. १९९८ साली निष्कर्ष आला: पासष्टीच्या पुढे शंभरात जेमतेम १.३६ जणांना अल्झायमर आणि तत्सम आजार. पाश्चात्त्य देशांच्या मानाने हा आकडा फारच लहान होता. पेनसिल्व्हेनियातल्या मोनोंगहेला खोऱ्याशी केलेल्या तुलनेत नव्याने आजार होणाऱ्यांचे प्रमाणही तिथल्यापेक्षा पुष्कळ कमी निघाले. या आकड्यांवरून भारतीयांना हळद वाचवते, असे म्हणण्याची टूम निघाली आणि ती आजही घरोघरी ऐकू येते. संशोधक स्वतः सावध होते. आयुष्य कमी, आजार झाल्यावर जगण्याचा काळ कमी, पाहणीचा अवधी कमी अशी कारणे त्यांनी मांडली. धोका वाढवणारे एक जनुक तिथे कमी आढळते, पण ज्यांच्यात ते असते त्यांना धोका तितकाच असतो, हेही त्यांनी दाखवले.

मुंबईतही घरोघर जाऊन मोठी पाहणी झाली. डॉ. चार्ल्स पिंटो यांचा सहभाग असलेल्या गटाने चाळिशीपुढच्या २४,४८८ मुंबईकरांची टप्प्याटप्प्याने छाननी केली आणि २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पासष्टीच्या पुढच्यांत प्रमाण शंभरात २.४४ निघाले, बल्लभगढपेक्षा जास्त पण युरोपपेक्षा कमी. पुढे २०१० मध्ये पुणे परिसरातल्या पाहणीचा आकडा चारच्या आसपास आला. तोच देश, तोच आजार आणि दर वेळी वेगळा आकडा. यावरून आजार खरोखर कमीजास्त आहे, की मोजण्याची फूटपट्टी बदलते आहे, हा प्रश्न उभा राहिला.

त्याचे उत्तर देण्याची सुरुवात याच पश्चिम किनाऱ्यावर आणखी दक्षिणेला झाली. डॉ. के. जेकब रॉय यांच्या पुढाकाराने १९९२ साली केरळात ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन झाली होती. १९९८ साली जागतिक अल्झायमर संघटनेची परिषद कोचीला भरली. तिथे जमलेल्या काही संशोधकांनी एक साधा हिशेब मांडला. जगातले दोन तृतीयांश, म्हणजे शंभरातले ६६ रुग्ण गरीब व विकसनशील देशांत राहतात, पण लोकसंख्येवर आधारलेले दहा टक्केही संशोधन तिथे होत नाही. या दोन आकड्यांवरून गटाचे नाव पडले ‘१०/६६’. लंडनचे मार्टिन प्रिन्स त्याचे समन्वयक झाले.

या गटाने शिक्षणावर अवलंबून नसलेली निदानाची पद्धत तयार केली. २००३ मध्ये २,८८५ माणसांवरचा तिचा पडताळा प्रसिद्ध झाला. त्यानंतर सात देशांतल्या जवळजवळ पंधरा हजार वृद्धांची पाहणी झाली आणि २००८ साली ‘लान्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष आले. प्रचलित अमेरिकी निकषांनी मोजले तेव्हा तमिळनाडूच्या खेड्यांत विस्मृतीचे रुग्ण शंभरात ०.३ निघाले, सर्व ठिकाणांत सर्वांत कमी. त्याच माणसांना नव्या पद्धतीने मोजले तेव्हा प्रमाण अनेक पटींनी वाढले आणि इतर देशांच्या जवळ जाऊन बसले.

हा फरक कशामुळे पडला ते मसुऱ्यातल्या कोणालाही समजेल. अमेरिकी निकषाला दैनंदिन कामांत अडचण आल्याचा पुरावा लागतो आणि तो सांगणार घरातले माणूस. आपल्याकडे पंच्याहत्तरीच्या आजोबांकडून बँकेचा व्यवहार, बाजारहाट, औषधांच्या वेळा यांची अपेक्षाच नसते. नातू पाणी आणून देतो, सून ताट वाढते. ‘यांना काही त्रास होतो का?’ असे विचारले तर घरचे प्रामाणिकपणे सांगतात, काही नाही, वय झाले. घराच्या मायेने आजार झाकून टाकलेला असतो. आपल्याकडे विस्मृती कमी आहे हा समज निदान अंशतः तरी या मायेतून निर्माण झाला, असे माझे मत आहे.

पण ही माया तरी किती भरवशाची? हे विचारण्याचे धाडस गोव्यात झाले. मसुऱ्याच्या माणसाला गोवा परका नाही. दुखणे मालवण-कणकवलीच्या आवाक्याबाहेर गेले की सिंधुदुर्गातली माणसे बांबोळी गाठतात. १८४२ साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा सांगणारे ते गोवा मेडिकल कॉलेज. भाषा कळते, चेहरे ओळखीचे वाटतात, आणि मुंबईपेक्षा ते पुष्कळ जवळ आहे. त्याच गोव्यात १९९६ साली ‘संगथ’ ही संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेले मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल यांनी मार्टिन प्रिन्स यांच्यासोबत गोव्यातले वृद्ध, आरोग्यसेवक आणि डॉक्टर यांच्याशी गटागटाने चर्चा केल्या. स्मृती जात चाललेल्या म्हाताऱ्या माणसाचे वर्णन समोर ठेवून लोकांना विचारले, याला काय झाले असेल?

२००१ साली प्रसिद्ध झालेली उत्तरे अस्वस्थ करणारी आहेत. अशी माणसे सर्वांनी पाहिली होती, विशेषतः घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविकांनी. पण आजार कोणी मानला नव्हता, त्यामुळे दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे असे रुग्ण क्वचितच पोचत. कारण विचारल्यावर लोक मुलांकडे बोट दाखवत: दुर्लक्ष केले, छळले, माया दिली नाही, म्हणून असे झाले. एकीकडे ही समजूत आणि दुसरीकडे, मुलांनी केलेली सेवा पुष्कळदा घरजमिनीच्या वारशावर डोळा ठेवून असते, असेही गावकऱ्यांनीच सांगितले. आपण परावलंबी झालो तर काय, ही भीती वृद्धांच्या बोलण्यात वारंवार येत होती.

आपली एकत्र कुटुंबपद्धती आहे, आपल्याला वृद्धाश्रम कशाला, असे व्यासपीठावरून म्हणणाऱ्यांनी हा निबंध वाचायला हवा. यात दुहेरी अन्याय आहे. आजार मेंदूचा असताना दोष सुनेला लागतो. तिने रात्र जागून काढली तरी, माया कमी पडली म्हणून सासूला चळ लागला, असे तिला ऐकावे लागते. आणि ज्याला खरोखर छळ सोसावा लागतो त्या वृद्धाची तक्रार ‘विसराळू आहे, काहीही बोलतो’ म्हणून उडवली जाते. सामाईक सातबारा आणि हापूसच्या कलमांवरून भावाभावांत वितुष्ट असलेल्या कोकणात, भान हरपत चाललेल्या माणसाचा अंगठा कोणत्या कागदावर उठतो हा प्रश्न फार जिव्हारी लागतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने यावर एक तोड दिली. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, परत मिळवता येते. पण ती मागणी करायला माणसाला आपण काय दिले होते ते आठवावे लागते.

गोव्यातल्या कामाचा पुढचा टप्पा मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. गोवा मेडिकल कॉलेजचे डॉ. अमित डायस, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी विचारले: आजाराला बरे करणारे औषध नाही, वृद्धरोगतज्ज्ञ नाहीत, मनोविकारतज्ज्ञ मोजके आहेत, तर या घरांना मदत कोण करू शकेल? त्यांनी स्थानिक माणसे निवडली, ज्यांना कोंकणी येते, माणसांशी नीट बोलता येते. त्यांना थोडक्या दिवसांचे प्रशिक्षण देऊन ‘गृहसेवा सल्लागार’ केले आणि पाठीशी अर्धवेळ मनोविकारतज्ज्ञ ठेवला. हे सल्लागार सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा, घरी जात. हा आजार आहे आणि यात कोणाचा दोष नाही, हे समजावून सांगत. रुग्ण रात्री उठून बाहेर जायला लागला, अंघोळीला नकार देऊ लागला, तर काय करायचे ते दाखवत. तोल फारच गेला तर डॉक्टरांची गाठ घालून देत. वृद्धांसाठीच्या सरकारी योजनांची माहिती देत आणि अशा घरांची एकमेकांशी ओळख करून देत.

याचा उपयोग होतो की नाही हे तपासायला त्यांनी ८१ कुटुंबे घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने ४१ घरांना ही सेवा लगेच मिळाली, उरलेल्या ४० घरांना नंतर मिळणार होती. सहा महिन्यांत १८ रुग्ण वारले. घरात निजून असलेल्या माणसांची अवस्था किती नाजूक होती ते यावरून कळते. ५९ कुटुंबे शेवटपर्यंत राहिली. २००८ साली निष्कर्ष आले. सल्लागार ज्या घरी गेले तिथल्या सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य स्पष्टपणे सुधारले, रुग्णाच्या वागण्याने होणारा त्यांचा मनस्ताप कमी झाला. त्या घरांत मृत्यूही कमी झाले, पण आकडे लहान असल्याने त्यावरून ठाम काही म्हणता येत नाही, असे संशोधकांनी स्वतःच नोंदवले. ८१ घरांचा प्रयोग लहानच. तरीही आमच्या किनाऱ्यावरच्या घरांसारख्याच घरांत, आमच्या बोलीच्या बहिणीतून बोलणाऱ्या माणसांनी, शिकवलेली माणुसकी औषधासारखी लागू पडते हे मोजून दाखवले, याचे मोल मोठे आहे.

त्याच वाटेवर दहा वर्षांनी आणखी एक प्रयोग झाला. उतारवयातली उदासी आणि विस्मृती यांचा निकटचा संबंध आहे. उदासी हा विस्मृतीचा धोका वाढवणारा घटक मानला जातो आणि कित्येकदा विस्मृतीची पहिली पावलेही उदासीच्या रूपात पडतात. गोव्यातल्या शहरी व ग्रामीण दवाखान्यांत येणारी, साठीपुढची आणि उदासीच्या उंबरठ्यावर असलेली १८१ माणसे निवडली गेली. निम्म्यांना प्रशिक्षित पण डॉक्टर नसलेले समुपदेशक भेटू लागले. अडचणी सुटसुटीत करून एकेक कशी सोडवायची, झोप कशी सावरायची, मधुमेहासारख्या दुखण्यांत स्वतःची काळजी कशी घ्यायची, सरकारी मदत कुठे मिळते, एवढाच त्यांचा कार्यक्रम. २०१९ साली छापून आलेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात या गटातल्या ४.४ टक्के माणसांना नैराश्याचा आजार जडला, नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात १४.४ टक्क्यांना.

याच काळात मराठी घरांत या विषयाला तोंड फुटले, त्यात एका चित्रपटाचा वाटा आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २०१३ सालच्या ‘अस्तु’मध्ये, स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृती हरपलेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली. रस्त्यात हत्तीमागे चालत गेलेल्या या म्हाताऱ्याला माहुताचे गरीब कुटुंब सांभाळते. त्याच वर्षी डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या ६४८ रुग्णांच्या अभ्यासातून दाखवले की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसू लागली, निरक्षरांतही. एका अभ्यासावरून भाषांना औषध ठरवू नये. पण घरात मालवणी, शाळेत मराठी, मुंबईत हिंदी आणि सीमेपलीकडे कोंकणी बोलणाऱ्या या किनाऱ्यासाठी ही दखल घेण्याजोगी गोष्ट आहे.

देशाची एकत्रित मोजदाद अखेर मुंबईतूनच झाली. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीपुढच्या बहात्तर हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी केली. तिच्यातूनच निवडलेल्या साठीपुढच्या ४,०९६ माणसांच्या स्मृतीची सखोल तपासणी झाली, आणि तिच्यात बल्लभगढची ती जुनी हिंदी चाचणी पुन्हा उपयोगी पडली. जिनकूक ली आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली आकडा मांडला: साठीपुढच्या भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली. पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. शाळा न मिळालेल्यांत धोका मोठा. पाव शतकापूर्वी ज्या खेड्यांत आजार जवळजवळ नाही असे वाटत होते, तिथेच तो अधिक निघाला.

या ओळी वाचताना सिंधुदुर्गातल्या ऐंशीच्या घरातल्या बायका डोळ्यांसमोर येतात. नवरा गिरणीत, मूल पाठीशी, शाळा दुसरी-तिसरीत सुटलेली किंवा कधी भरलीच नाही. आज त्यांतल्या कित्येक विधवा आहेत आणि मोठ्या घरात एकट्या राहतात. जगभरच्या तज्ज्ञांच्या ‘लान्सेट’ आयोगाने, ज्याच्या २०२० च्या अहवालात डॉ. अमित डायस यांचेही नाव आहे, धोका वाढवणारे आणि टाळता येण्याजोगे घटक सांगितले. २०२४ मध्ये त्यांची संख्या चौदा झाली आणि ते सगळे आवरले तर जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल असा अंदाज मांडला गेला. त्या यादीत कमी शिक्षण, ऐकू न येणे, दृष्टी जाणे, रक्तदाब, मधुमेह, उदासी आणि एकाकीपणा हे सारे आहेत. बालपणीची शाळा आता परत देता येत नाही. मोतिबिंदूची शस्त्रक्रिया, कानाचे यंत्र आणि रक्तदाबाची गोळी देता येते, आणि त्यासाठी अमेरिकेतून काही यायला नको.

आणि विचारणारी व्यक्तीही आता दारात येते. २००५ नंतर गावोगाव नेमल्या गेलेल्या आशा सेविका तिशीपुढच्या माणसांचा जो तपासणी-अर्ज भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. त्यांतला एक असा, की जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरायला होतो का. अल्झायमर यांनी ऑगस्टेला केलेल्या विचारपुशीशी नाते सांगणारा हा प्रश्न आज कोकणातल्या ओसरीवर विचारला जातो. उत्तर ‘होय’ आले तर माणसाला आरोग्य केंद्रात दाखवायचे, इथवर व्यवस्था पोचली आहे. तिथून पुढे पंधरवड्याला घरी येऊन सुनेशी तासभर बोलणारे, तिला ‘यात तुझा दोष नाही’ असे सांगणारे माणूस नेमणे बाकी आहे. ते कोणी व्हावे, त्याला काय शिकवावे, तो किती वेळा गेला म्हणजे फरक पडतो, याचा हिशेब सिंधुदुर्गाच्या सीमेपलीकडे २००८ सालीच मांडून झालेला आहे. आशा सेविकांना आठवडाभराचे जादा प्रशिक्षण आणि या भेटींचा वेगळा मोबदला द्यायचे ठरवले, तर सुरुवात मसुऱ्याच्या वाड्यांतूनही करता येईल.